एसट्रेसचा रिव्ह्यू: सिमलिंकच्या २१ फेल टेस्ट आणि उद्यमनगरातलं एक फोल्डर

फुकटात मिळणाऱ्या कमांडचा रिव्ह्यू कशाला लिहायचा असं कुणी म्हणेल, पण मला लिहायचाच आहे. एसट्रेस म्हणजे प्रोग्राम चालताना ऑपरेटिंग सिस्टीमला काय काय विचारतो ते दाखवणारी लिनक्सची कमांड. ह्या महिन्यात तिनं माझं जेवढं काम वाचवलं तेवढं पैसे देऊन घेतलेल्या कुठल्याही सॉफ्टवेअरनं वाचवलेलं नाही. नाव मी कॉलेजपासून ऐकत होतो, एकदोनदा चालवूनही बघितलं होतं, स्क्रीनवर धो धो ओळी आल्या की बंद करून टाकायचो. नीट बसून शिकलो ते आत्ता.

आधी भानगड काय होती ते सांगतो. आम्ही पाच जण फावल्या वेळात एक छोटी स्क्रिप्टिंग भाषा सांभाळतो, तिचा इंटरप्रिटर, म्हणजे त्या भाषेतला कोड चालवणारा प्रोग्राम, सी मध्ये लिहिलेला आहे. माझ्या काकांचं कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात मशीन शॉप आहे, फौंड्रीतून कास्टिंग येतात, ते मशीनिंग करून देतात. तिथल्या पीसीवर मी लिनक्स टाकून दिलंय आणि गिऱ्हाइकांच्या ड्रॉइंगचं फोल्डर आमच्याच भाषेतल्या एका स्क्रिप्टनं सांभाळतो. प्रत्येक पार्टचं वेगळं फोल्डर, त्यात रिव्हिजन-१, रिव्हिजन-२, रिव्हिजन-३ असे फोल्डर आणि 'चालू' नावाची एक सिमलिंक, जी कायम शेवटच्या रिव्हिजनकडं बोट दाखवते. मशीनवरचा माणूस फक्त 'चालू' उघडतो. जुनं ड्रॉइंग उघडून दोनशे नग रिजेक्ट झाले असं कधी होऊ नये म्हणून हे सगळं. आत्तापर्यंत मी हे शेलमधून ढकलत होतो कारण आमच्या भाषेत सिमलिंकचा सपोर्ट अर्धवट होता, म्हणून म्हटलं ह्या पावसाळ्यात ते काम पूर्ण करायचंच.

सिमलिंक म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: महाद्वार रोडला एखादं दुकान हललं की जुन्या शटरवर पाटी असते बघा, 'आमचे दुकान पलीकडच्या गल्लीत सुरू आहे'. ती पाटी म्हणजे सिमलिंक. पाटीत माल नसतो, फक्त पत्ता असतो. आता प्रोग्रामला दोन वेगळे प्रश्न विचारता येतात. एक, पत्त्यावर जाऊन दुकान बघून ये, त्याला स्टॅट म्हणायचं. दोन, दुकानाकडं जाऊ नको, पाटी कसली आहे तेवढं सांग, त्याला एलस्टॅट म्हणायचं. पाटी आहे पण दुकान बंद पडलंय असंही होतं, आणि दोन पाट्या एकमेकींचाच पत्ता देतात असंही होतं. सिमलिंकमधल्या बहुतेक चुका हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळल्यामुळं होतात. बीएसडी युनिक्समध्ये १९८३ सालच्या ४.२ आवृत्तीपासून हे आहे, म्हणजे चाळीस वर्षं झाली, आणि अजून लोक तिथंच अडखळतात, आम्हीही अडखळलो.

ह्या सिमलिंकच्या कामासाठी टेस्ट एकूण २३ लिहिल्या. माझ्याकडं २१ फेल. ग्रुपवर टाकलं तर बाकीचे म्हणतात आमच्याकडं फक्त चार फेल आहेत भावा, तुझं काहीतरी वेगळंच आहे. आणि ज्या दोन पास होत होत्या त्या कुठल्या, तर 'साधी फाईल ही लिंक नाही' आणि 'नसलेली फाईल ही लिंक नाही'. म्हणजे कोड नुसता 'नाही, नाही' म्हणत असला तरी त्या पास होणारच होत्या.

तीन दिवस मी कोडमध्ये प्रिंट टाकत बसलो. इंटरप्रिटरचा एरर एवढंच सांगायचा, 'परवानगी नाही'. मग मी परवानग्या बघितल्या, फोल्डरचा मालक बदलला, शेवटी सुडो लावून, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या रूट युजरच्या नावानं चालवलं तरी तेच. रूटला पण परवानगी नाही म्हणजे काय? तिसऱ्या दिवशी संध्याकाळी काकांच्या शॉपमध्ये लॅपटॉप घेऊन बसलो होतो, बाहेर पाऊस, लाईट येऊन जाऊन. काका माझं वैतागणं बघत होते. म्हणाले, "आरं, ड्रॉइंग काय म्हणतंय ते ठेव बाजूला. जॉबला मायक्रोमीटर लावलास का?" त्यांना कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, माहीत नाही, पण बोलले ते अगदी बरोबर. मी कोड वाचत होतो, म्हणजे ड्रॉइंगच वाचत होतो. इंटरप्रिटर चालताना कर्नलला खरं काय विचारतोय आणि कर्नल काय उत्तर देतोय हे मी एकदाही मोजलं नव्हतं.

एसट्रेस तेच मोजतं. तुमच्या प्रोग्रामनं कर्नलला मारलेली प्रत्येक हाक, म्हणजे सिस्टीम कॉल, तिच्यातले पाथ, फ्लॅग आणि परत आलेलं उत्तर, एका ओळीत एक. पॉल क्रॅनेनबर्ग यांनी १९९१ मध्ये ते सनओएससाठी लिहिलं, पुढं लिनक्सवर आलं, आणि आज लिनक्सच्या बहुतेक डिस्ट्रोमध्ये, म्हणजे वेगवेगळ्या अवतारांमध्ये, एका कमांडनं इन्स्टॉल होतं. तुमच्या प्रोग्रामचा सोर्स लागत नाही, परत कंपाइल करावं लागत नाही. मी तिथंच बसून चालवलं, सोबत '-एफ' दिलं, कारण आमचा टेस्ट रनर टेस्ट चालवायला वेगळ्या प्रोसेस काढतो आणि '-एफ' नसेल तर पोरांचं काहीच दिसत नाही, नुसता बाप दिसतो. आणि '-ई ट्रेस=%फाईल', म्हणजे पाथ घेणाऱ्या हाकाच फक्त दाखव, मेमरीबिमरीचा कचरा नको.

सिमलिंकची पहिलीच ओळ बघून उठून उभा राहिलो. सिमलिंक करायची हाक बरोबर गेलेली, पाथ बरोबर, आणि कर्नलचं उत्तर वजा एक, ईपर्म. म्हणजे 'परवानगी नाही' हे आमच्या कोडनं बनवून सांगितलेलं नव्हतं, कर्नलच तसं म्हणत होता. मग त्या हाकेचं मॅन पेज, म्हणजे माहितीचं पान, उघडलं, त्यात ईपर्मच्या पुढं स्पष्ट लिहिलंय की ज्या फाईल सिस्टीमवर, म्हणजे डिस्कवर फाईली मांडायच्या ज्या पद्धतीत, लिंक करायची आहे ती सिमलिंक करूच देत नसेल तर हा एरर येतो. आणि माझा सगळा प्रोजेक्ट होता पोर्टेबल एसएसडीवर, घर ते शॉप ने-आण करायला सोपं म्हणून, आणि ती एक्सफॅट ह्या फाईल सिस्टीममध्ये फॉरमॅट केलेली. एक्सफॅटला सिमलिंक माहीतच नाही, तिथं रूट काय करणार! प्रोजेक्ट होम फोल्डरमध्ये कॉपी केला, २१ च्या झाल्या ५. तीन दिवसांचं काम वीस मिनिटांत, खोटं सांगत नाही.

एक बारकी गोष्ट इथंच सांगून ठेवतो. नवीन एआरएम मशीनवर, म्हणजे ६४ बिट एआरएम लिनक्सवर, जुनी 'सिमलिंक' नावाची सिस्टीम कॉल नाहीच, फक्त 'सिमलिंक-ॲट' आहे. त्यामुळं फिल्टरमध्ये नुसतं पहिलं नाव टाकलं तर एसट्रेस म्हणतं असा कॉलच नाही. नावाच्या आधी प्रश्नचिन्ह टाकलं की नसेल तर सोडून देतं. दोन्ही नावं टाकायची सवय लावा.

आता उरलेल्या पाच. ह्यातच खरी मजा आहे.

'ही लिंक आहे का' ही टेस्ट कायम नाही म्हणायची. एसट्रेसमध्ये बघितलं तर हाक दिसते 'न्यू-एफ-स्टॅट-ॲट'. हल्लीच्या जीलिबसीत, म्हणजे लिनक्सच्या मूळ सी लायब्ररीत, २.३३ पासून पुढं, स्टॅट आणि एलस्टॅट दोन्ही ह्याच एका नावानं कर्नलकडं जातात, म्हणून नाव बघून फसायला होतं. फरक फक्त शेवटच्या फ्लॅगमध्ये. एलस्टॅट असेल तर तिथं 'एटी-सिमलिंक-नो-फॉलो' दिसतं, आमच्याकडं दिसत होता शून्य. म्हणजे आम्ही पाटी बघायच्या ऐवजी दुकानापर्यंत चालत जात होतो आणि परत येऊन सांगत होतो की तिथं पाटी नाही, दुकान आहे. कोडमध्ये फंक्शनचं नाव एलस्टॅटच होतं! आत एका मॅक्रोनं, म्हणजे कंपाइल होताना एका नावाच्या जागी दुसरं टाकणाऱ्या ओळीनं, ते स्टॅट करून टाकलं होतं, फार जुन्या एका सिस्टीमवर चालावं म्हणून कुणीतरी केलेलं. नुसता कोड वाचून हे मला महिनाभर दिसलं नसतं.

दुसरी, लिंकवरचा पत्ता वाचायची, रीडलिंक. ही टेस्ट एकटी चालवली की पास आणि सगळ्यांबरोबर चालवली की फेल, शेवटी दोनतीन फालतू अक्षरं चिकटून यायची. टेस्टमधल्या लिंकचा पत्ता होता 'कोल्हापूर'. एसट्रेस मराठी अक्षरं सरळ दाखवत नाही, ऑक्टलमध्ये, म्हणजे आठच्या पायाच्या आकड्यांत दाखवतं, 'क' दिसतो ३४०, २४४, २२५ असा, पहिल्यांदा बघितल्यावर काहीच कळत नाही. पण परत आलेला आकडा बघितला, २७. 'कोल्हापूर' मध्ये काना, मात्रा, हलंत धरून नऊ कोडपॉइंट, प्रत्येकाचे यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट, नऊ त्रिक सत्तावीस. कर्नलनं चोख माप दिलंय, म्हणजे चूक त्याच्या नंतर, आमच्याकडं. रीडलिंक पत्त्याच्या शेवटी शून्य बाइट लावत नाही, तो लावायची जबाबदारी आपली, आणि आम्ही लावलाच नव्हता. ताजी मेमरी मिळाली की तिथं योगायोगानं शून्य असायचं म्हणून एकटी टेस्ट पास व्हायची. नेमकी ओळ शोधायला मात्र व्हॅलग्राइंड हे मेमरीच्या चुका पकडणारं टूल लागलं, कारण प्रोसेसच्या पोटात काय चाललंय ते एसट्रेस दाखवत नाही, उंबऱ्यावरचं तेवढं दाखवतं. ही त्याची मर्यादा आहे, ती माहीत असलेली बरी.

तिसरी त्याचीच बहीण. इंटरप्रिटर स्वतःचा पत्ता प्रॉकमधल्या, म्हणजे चालू प्रोसेसची माहिती दाखवणाऱ्या फोल्डरमधल्या, 'सेल्फ/ईएक्सई' ह्या लिंकवरून काढतो, टेस्टमध्ये त्याला उत्तर मिळायचं नुसता एक तिरका डॅश. एसट्रेसच्या ओळीत बफरची, म्हणजे उत्तर ठेवायच्या जागेची, साईज दिसली, १! झालं काय होतं, तर आम्ही एलस्टॅटला साईज विचारायचो आणि त्यात एक मिळवून तेवढाच बफर घ्यायचो. साध्या लिंकला ते चालतं कारण लिंकची साईज म्हणजे पत्त्याची लांबी. पण प्रॉकमधली ती लिंक साईज शून्य सांगते. म्हणून साईजवर विश्वास ठेवायचाच नाही, मोठा बफर घ्यायचा आणि तो पूर्ण भरला तर दुप्पट करून परत विचारायचं.

चौथी फक्त माझ्याकडंच फेल व्हायची, बाकीच्यांच्या चार आणि माझ्या पाच त्या हिच्यामुळं. दोन लिंका एकमेकींकडं बोट दाखवणाऱ्या, उघडायला गेलं की 'ई-लूप' एरर यायला पाहिजे, लिनक्स एका पाथमध्ये चाळीसपर्यंत लिंका फिरून बघतो आणि मग नाद सोडतो. मला एरर यायचा 'फाईल सापडली नाही'. एसट्रेसमध्ये लख्ख दिसलं, उघडायची हाक, उत्तर ई-लूप, बरोबर. आणि लगेच पुढच्या ओळीत आमचाच कोड एररचा मराठी मजकूर असलेली फाईल शोधायला जातो, कारण माझ्या मशीनचं लोकेल, म्हणजे भाषेचं सेटिंग, मराठी आहे, ती फाईल अजून कुणी बनवलेलीच नाही, म्हणून ती हाक 'सापडली नाही' म्हणून परत येते आणि एररचा आधीचा नंबर पुसून जातो. बाकीच्यांचं लोकेल इंग्रजी, त्यांच्याकडं ती हाक जातच नव्हती. दुरुस्ती दोन ओळींची, नंबर आधी जपून ठेवायचा. आता त्या मजकुराची मराठी फाईल पण मीच लिहायला घेतलीय.

पाचवीबद्दल मात्र जरा थांबून लिहितो, कारण हिच्यामुळं मला त्या रात्री झोप लागली नाही. टेस्ट अशी होती, एक फोल्डर, त्यात एक लिंक, ती लिंक बाहेरच्या दुसऱ्या फोल्डरकडं बोट दाखवणारी. पहिलं फोल्डर आतल्या सगळ्यासकट डिलीट करायचं. लिंक गेली पाहिजे, बाहेरचं फोल्डर जसंच्या तसं राहिलं पाहिजे. आमच्याकडं बाहेरच्या फोल्डरमधल्या फाईली जात होत्या. एसट्रेसमध्ये '-वाय' दिलं की नुसत्या फाईल नंबरच्या शेजारी त्याचा खरा पाथ पण दिसतो, आणि ते वाचताना पोटात गोळा आला. लिंकच्या नावानं फोल्डर उघडलं, त्यापुढं कंसात पाथ बाहेरच्या फोल्डरचा, आणि खाली एकामागून एक फाईल काढायच्या हाका, अनलिंक-ॲट, अनलिंक-ॲट, सगळे यशस्वी.

हे काकांच्या पीसीवर चाललं असतं तर? एखादा जुना पार्ट काढून टाकताना त्यात दुसऱ्या पार्टकडं जाणारी लिंक असती तर त्या दुसऱ्या पार्टची ड्रॉइंग गेली असती, आणि कुणाला कळलंही नसतं मशीनवरचा माणूस 'चालू' उघडेपर्यंत. तिथं फेल होणारी टेस्ट हीच आमची राखणदार होती.

दुरुस्ती करतानाही घाई करून चालत नाही. पहिल्यांदा मी लिहिलं की आधी एलस्टॅट करून बघायचं लिंक आहे का, नसेल तर आत शिरायचं. टेस्ट पास झाली. पण बघणं आणि शिरणं ह्यांच्यामध्ये जो क्षण जातो त्यात कुणी त्या फोल्डरच्या जागी लिंक ठेवली तर आपण परत बाहेर जाऊन पुसापुशी करणार. अशीच फट रस्ट भाषेच्या स्टँडर्ड लायब्ररीत सापडली होती आणि २०२२ च्या जानेवारीत १.५८.१ आवृत्तीत ती बुजवली, म्हणजे हे काही पुस्तकी भय नाही. बरोबर पद्धत अशी की फोल्डर उघडतानाच 'ओ-नोफॉलो' आणि 'ओ-डिरेक्टरी' हे फ्लॅग द्यायचे, लिंक असेल तर कर्नलच आत सोडत नाही, मग ती लिंक तेवढी नावानं काढायची, आणि पुढचं सगळं त्या उघडलेल्या फोल्डरच्या नंबरावरून करायचं, पूर्ण पाथ परत परत द्यायचा नाही. बदल केल्यावर परत एसट्रेस लावलं आणि प्रत्येक उघडण्याच्या ओळीत तो फ्लॅग डोळ्यानं बघितला, मगच कमिट केलं. रात्रीचे साडेदहा झाले होते, तिथून गंगावेशीत जाऊन धारोष्ण दूध प्यालो आणि मग घरी.

अजून एक फीचर सांगितल्याशिवाय हा रिव्ह्यू पुरा होणार नाही, ते म्हणजे 'इंजेक्ट'. तुम्ही एसट्रेसला सांगू शकता की सिमलिंकची हाक गेली की ती खरी करूच नको, सरळ ईपर्म परत दे. नाद खुळा! आम्ही ठरवलं होतं की फाईल सिस्टीम लिंक करू देत नसेल तर ह्या टेस्ट फेल न होता वगळल्या जाव्यात, आणि ते ओएसचं नाव बघून ठरवायचं नाही तर टेस्ट फोल्डरमध्ये खरोखर एक लिंक करून बघून ठरवायचं. आता हे बाकीच्या चौघांनी तपासायचं कसं, त्यांच्याकडं एक्सफॅट कुठाय? प्रत्येकानं एक ओळीची कमांड चालवली, त्यांच्या चांगल्या डिस्कवर माझ्या एसएसडीचा एरर हुबेहूब आला आणि टेस्ट नीट वगळल्या गेल्या. ह्या एका गोष्टीसाठी मी ह्या टूलला पैकीच्या पैकी दिले असते.

देत नाही, कारण त्रासही आहेत. स्लो करतं, लय स्लो. प्रत्येक हाकेला प्रोसेस दोनदा थांबवतं, आत जाताना आणि बाहेर येताना, आमच्या आठ सेकंदांच्या टेस्टना सव्वा मिनिट लागायला लागलं. '-एफ' बरोबर सेकॉम्प-बीपीएफचा पर्याय दिला की फिल्टरमधल्या हाकांनाच थांबवतं, मग बरंच सुधारतं, पण हे कुणी आपणहून सांगत नाही, मॅन पेजमध्ये खोल जाऊन शोधावं लागतं. मजकूर मुळात ३२ अक्षरांपर्यंतच दाखवतं, '-एस' देऊन वाढवायला लागतं. सगळ्या प्रोसेसच्या ओळी एकमेकांत मिसळून येतात, त्यावर उपाय '-एफएफ' आणि '-ओ', मग प्रत्येक प्रोसेसची वेगळी फाईल होते, मी आता असंच वापरतो. आणि आधीच चालू असलेल्या प्रोसेसला चिकटवायला गेलं की उबुंटूवर सुडो लागतं.

आणि हे फक्त लिनक्सचं. आमच्या टेस्ट मॅकवर आणि विंडोजवर पण चालतात आणि तिथं एसट्रेसचा काही उपयोग नाही. मॅकवर दोन फेल होत्या, एक कारण तिथं 'व्हार' हीच मुळात 'प्रायव्हेट/व्हार' ची सिमलिंक आहे, त्यामुळं तात्पुरत्या फोल्डरचा खरा पाथ टेस्टमधल्या पाथशी जुळायचा नाही, आणि दुसरी कारण मी टेस्टमध्ये ई-लूपचा नंबर ४० असा थेट लिहिला होता, मॅकवर तो ६२ आहे. विंडोजवर वेगळाच प्रकार, सिमलिंक व्हिस्टापासून आहे पण साध्या युजरला करायची परवानगी नसते, १३१४ नंबरचा एरर येतो. २०१७ च्या विंडोज १० अपडेटपासून डेव्हलपर मोड चालू केला आणि कोडमधून एक जादा फ्लॅग दिला तर होते. शिवाय कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटचं सिमलिंकचं सेटिंग बंद असेल तर रिपॉझिटरीतली लिंक तिथं साधी टेक्स्ट फाईल होऊन उतरते, आत नुसता पत्ता लिहिलेला. विंडोजवर मी असंच काम करणारा प्रोसेस मॉनिटर वापरला, तोही फुकट आहे, खिडक्या-बटणांचा आहे, चांगला आहे, त्याच्यावर कधीतरी वेगळं लिहीन.

कुणी घ्यावं? जो कुणी फाईलींशी खेळणारा कोड लिहितो त्यानं, आणि कॉलेजच्या पोरांनी तर नक्की, शिवाजी विद्यापीठाच्या सिलॅबसमधल्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या तासाला जे सिस्टीम कॉल पाठ केले जातात ते इथं चालताना दिसतात. पहिल्यांदा 'एलएस' सारखी छोटी कमांड लावून बघा, मग मोठ्याकडं वळा. माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो स्पीडसाठी आणि मराठी अक्षरं ऑक्टलमध्ये दाखवल्याबद्दल.

आता २३ च्या २३ पास आहेत. काकांच्या पीसीवर नवीन इंटरप्रिटर मागच्या शनिवारी टाकला, आधी सगळ्या ड्रॉइंगचा बॅकअप घेतला, मग एक जुना पार्ट डिलीट करून बघितला, एसट्रेस लावूनच. काका शेजारी खुर्ची ओढून बसले होते, मी त्यांना ओळीवर बोट ठेवून दाखवलं, ही लिंक गेली, हे आतलं गेलं, हे बाहेरचं राहिलं. त्यांनी स्वतः 'चालू' उघडून रिव्हिजन नंबर बघितला आणि मशीनवरच्या माणसाला हाक मारून म्हणाले, घे रे, लाव जॉब.